तोराहच्या विद्यार्थ्याने कोणाची भाकर खावी?

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस गालील प्रांतात रब्बी यहूदा हनासी हे थोर गुरू होऊन गेले. तोंडी परंपरेने चालत आलेले यहुदी धर्मनियम त्यांनी एकत्र केले. त्या संग्रहाला मिश्ना म्हणतात. ते जितके विद्वान तितकेच धनाढ्य होते. एका दुष्काळात त्यांनी आपली धान्याची कोठारे खुली केली. मात्र दारावर एक अट होती : ज्याने शास्त्राचा अभ्यास केला असेल त्यानेच आत यावे, अडाण्याने येऊ नये. योनाथान बेन अम्राम नावाचा एक मनुष्य गर्दीतून वाट काढीत आत शिरला आणि अन्न मागू लागला. तू पवित्र शास्त्र शिकला आहेस काय, असे गुरूंनी विचारले. त्याने नाही म्हटले. मिश्ना? तेही नाही. मग तुला कोणत्या नात्याने जेवू घालू, असे विचारताच तो उत्तरला की, कुत्र्याला आणि कावळ्याला ज्या नात्याने घालतात त्या नात्याने घाला. गुरूंनी त्याला जेवू घातले. पण तो निघून गेल्यावर आपली भाकर एका अज्ञान्याच्या पोटी गेली याची रुखरुख त्यांना लागून राहिली. तेव्हा त्यांच्या मुलाने शंका काढली, की हा तुमचाच शिष्य योनाथान तर नव्हे? धर्मविद्येच्या मोठेपणावर काहीही मिळवायचे नाही, असे त्याचे जन्माचे व्रत आहे. चौकशी केली तो तसेच निघाले. त्या दिवसापासून कोठाराचे दार सर्वांसाठी उघडले गेले.

तालमूद या विशाल ग्रंथातील ही कथा मला फार अर्थपूर्ण वाटते. कनानी स्त्रीने प्रभू येशूला दिलेले कुत्र्यांचे उत्तर आणि लूकच्या शुभवर्तमानातील कावळे आपल्या परिचयाचे आहेत. येथे ते दोन्ही एका भुकेल्या विद्वानाच्या तोंडी आले आहेत. विद्वानाला विद्वान म्हणून जेवू घालणारा दाता चांगलाच आहे. परंतु त्या नात्याने जेवणे विद्वानाला शोभते काय? हा प्रश्न यहुदी समाजाने अठराशे वर्षे सोडलेला नाही. आज इस्राएलच्या न्यायालयात, संसदेत आणि रस्त्यावर त्याच प्रश्नाने उग्र रूप धारण केले आहे, कारण आता कोठाराच्या दाराशी गुरू उभे नसून सरकारचा कारकून उभा आहे.

शब्दाविषयी एक खुलासा करतो. मोशेच्या पंचग्रंथाला आणि त्यावर उभ्या राहिलेल्या सर्व धर्मविद्येला यहुदी लोक 'तोरा' म्हणतात. मराठीत तोरा म्हणजे भलतेच काही! म्हणून मी 'तोराह' असे लिहितो. अर्थात, तोराहचा तोरा मिरवू नये हीच या वादातील पहिली आज्ञा आहे, हा योगायोग मौजेचा खरा. मिश्नाच्या 'पूर्वजांची वचने' या भागात हिल्लेल आणि रब्बी सादोक यांनी बजावले आहे की, तोराहला डोक्यावर मिरवण्याचा मुकुट करू नये आणि पोटासाठी माती उकरण्याचे कुदळफावडेही करू नये.

हिल्लेल स्वतः मजुरी करीत असे. दिवसाला जे नाणे मिळे त्यातील अर्धे घरखर्चाला जाई आणि अर्धे पाठशाळेच्या द्वारपालाला द्यावे लागे. एके दिवशी काम मिळाले नाही. दार बंद झाले, तेव्हा हा गडी छपरावर चढला आणि झरोक्याला कान लावून आतला पाठ ऐकत राहिला. रात्रभर हिम पडले. सकाळी वर्गात उजेड का येत नाही म्हणून गुरूंनी वर पाहिले, तेव्हा झरोक्यावर मनुष्याची आकृती दिसली. योहानान नावाचे रब्बी चपला शिवीत. रब्बी यहोशवा लोहारकाम करीत; त्यांच्या घरी गेलेल्या समाजप्रमुखाने काळवंडलेल्या भिंती पाहून विचारपूस केली, तेव्हा आपले विद्वान कसे दिवस काढतात हे ज्याला ठाऊक नाही अशा पुढाऱ्याच्या पिढीची कीव येते, असे त्यांनी त्याला ऐकवले. रब्बी टार्फोन यांची कथा तर अधिक सूक्ष्म आहे. बागेतला चोर समजून रखवालदाराने त्यांना धरले, तेव्हा जीव वाचवण्यासाठी त्यांनी आपले नाव सांगितले. रखवालदाराने सोडून दिले. पण आपण तोराहच्या कीर्तीचा लाभ घेतला, हे शल्य त्यांना जन्मभर टोचत राहिले.

याच मातीत संत पौल वाढला. गमलिएलच्या पायाशी बसून शिकलेला हा तरुण तंबू करण्याच्या धंद्यात निष्णात होता, हे प्रेषितांची कृत्ये आपल्याला सांगतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो सुवार्ता सांगणाऱ्याचा उपजीविकेचा हक्क ठासून मांडतो आणि लगेच, मी मात्र तो हक्क वापरला नाही, असे सांगतो. आपल्याला हा पौलाचा वैयक्तिक स्वाभिमान वाटतो. वस्तुतः तो त्याच्या गुरुकुलाचा संस्कार असावा असे मला वाटते.

याचा अर्थ प्राचीन यहुदी समाजात धर्मसेवेला सार्वजनिक पैसा कधीच मिळत नव्हता, असा मात्र नाही. मंदिरासाठी प्रत्येक प्रौढ पुरुषाला अर्धा शेकेल द्यावा लागे. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात त्याचे मूळ आहे आणि पेत्राला माशाच्या तोंडात सापडलेले नाणे त्याच करापोटी भरले गेले. या सक्तीच्या निधीतून यरुशलेममधील काही न्यायाधीशांना आणि याजकांना बलिविधी शिकवणाऱ्या गुरूंना वेतन मिळे, असे तालमूद नोंदवते. पण तेथे पैसा कामाचा होता. अध्यापनाविषयी रब्बींनी आणखी बारीक भेद केला : विद्येचे मोल घ्यायचे नाही, पण शिकवण्यात जो रोजगार बुडाला त्याची भरपाई घ्यायला हरकत नाही. केवळ स्वतः अभ्यास करीत बसणाऱ्याला निर्वाह द्यावा काय, हा प्रश्न यापुढचा.

त्या प्रश्नावर सर्वांत कठोर वाणी उमटली ती बाराव्या शतकात, इजिप्तमध्ये. मोशे बेन मैमोन, ज्यांना युरोप मैमोनिडीस म्हणून ओळखतो, हे यहुदी धर्मशास्त्राचे सर्वांत मोठे संहिताकार. आपले संत थॉमस अक्वायनस त्यांचे मत आदराने विचारात घेत. आपल्या 'मिश्ने तोराह' या संहितेत त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा : मी काम न करता तोराहचाच अभ्यास करीन आणि दानावर जगेन, असे जो मनाशी ठरवतो, तो ईश्वराच्या नामाची विटंबना करतो, धर्माचा दिवा मालवतो आणि परलोकातील आपला वाटा गमावतो. मिश्नावरील भाष्यात तर त्यांनी आपल्या काळातील वर्गणी गोळा करणाऱ्या पाठशाळांवर असा आसूड ओढला आहे की, हे लिहिल्याने बहुतेक विद्वान रागावतील हे ठाऊक असूनही मी लिहितो, अशी प्रस्तावना त्यांना करावी लागली.

वाचकाला वाटेल, हे बोलणे सोपे आहे. मैमोनिडीस स्वतः कशावर जगत होते? येथे इतिहास आपल्याला आपल्याच किनाऱ्याकडे आणून सोडतो. त्यांचा धाकटा भाऊ दावीद हा जवाहिऱ्या होता. तो व्यापार करी, आणि त्या मिळकतीवर थोरल्या भावाचे ग्रंथलेखन निश्चिंतपणे चाले. हा दावीद हिंदुस्थानच्या व्यापाराला निघाला. तांबड्या समुद्रावरील अैधाब बंदरातून त्याने भावाला लिहिलेले पत्र कैरोच्या जुन्या सभास्थानातील कागदांच्या ढिगात सापडले आहे : वाळवंटातील प्रवास कसा जिवावर बेतला, अैधाबला मनासारखा माल न मिळाल्याने आता पुढे समुद्रावर जाण्याचा बेत कसा केला, आणि काळजी करू नकोस. तो परत आला नाही. हिंदी महासागरात जहाज बुडाले; त्याच्याबरोबर त्याची, मैमोनिडीसची आणि इतर अनेकांची पुंजीही बुडाली. मागे विधवा पत्नी आणि लहान मुलगी उरली. मैमोनिडीस सुमारे एक वर्ष ताप आणि दुःख यांनी अंथरुणाला खिळून होते, आणि कित्येक वर्षांनंतरही भावाचे हस्ताक्षर दिसले की हृदय उलटेपालटे होते, असे त्यांनी एका मित्राला कळवले.

मग ते वैद्यकाकडे वळले. सुलतान सलाउद्दीनचा वजीर अल-फादिल याच्या पदरी ते वैद्य झाले. ११९९ साली आपल्या अनुवादकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली दिनचर्या दिली आहे. रोज सकाळी फुस्तातहून कैरोला राजवाड्यात जायचे, दुपार टळल्यावर भुकेल्या पोटी परतायचे, तर ओसरीवर रुग्णांची दाटी : यहुदी, मुसलमान, श्रीमंत, गरीब. हातपाय धुऊन दोन घास खायचे आणि रात्र पडेतो त्यांना तपासायचे; थकव्याने कधी आडवे पडूनच औषध सांगायचे. समाजासाठी वेळ मिळे तो फक्त शब्बाथाला. ज्याने इतरांना कष्ट करून शिका असे सांगितले, त्याने ते स्वतः केले यात संशय नाही. तथापि मनात येते, की संहितेच्या पायाशी दावीदच्या भावाचे प्रेम आणि त्याची जहाजे होती. आपला जबुलून समुद्रात बुडाल्यावर मैमोनिडीसना इस्साखार राहता आले नाही.

ही दोन नावे समजावून घेतली पाहिजेत, कारण पुढचा सारा वाद त्यांच्याभोवती फिरतो. अनुवादाच्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे मृत्यूपूर्वी बारा वंशांना आशीर्वाद देतो, तेव्हा जबुलूनने आपल्या प्रवासात व इस्साखाराने आपल्या तंबूत आनंद करावा असे सांगतो. रब्बींनी याचा अर्थ लावला : जबुलून समुद्रकाठी व्यापार करी आणि तंबूत अभ्यासाला बसलेल्या इस्साखाराच्या मुखी घास घाली, म्हणून धाकटा असूनही जबुलूनचे नाव आधी आले. पुढे हा करारच झाला. एकाने कमवायचे, दुसऱ्याने शिकायचे आणि पुण्य दोघांनी वाटून घ्यायचे. मात्र धर्मशास्त्रज्ञांनी एक अट घातली : करार आधी झाला पाहिजे. शिकून झाल्यावर पुण्य विकता येत नाही. म्हणजे जबुलूनने समजून, स्वेच्छेने हात पुढे केला पाहिजे.

मैमोनिडीसचे मत सर्वांना पेलवले नाही. १३९१ साली स्पेनमध्ये यहुद्यांच्या भीषण कत्तली झाल्या. (ख्रिस्ती म्हणवणाऱ्या जमावांनी त्या केल्या, हे आपण लिहिताना अडखळू नये.) माजोर्काहून अल्जीअर्सला पळून आलेले शिमोन बेन त्झेमाख दुरान हे वैद्य आणि प्रकांड विद्वान होते. मालमत्ता गेलेली, अल्जीअर्समध्ये वैद्यकीवर पोट भरेना. शेवटी त्यांनी समाजाकडून न्यायनिवाड्याचे वेतन स्वीकारले आणि ते का धर्म्य आहे याचे विस्तृत समर्थन लिहिले. ते वाचताना विद्वत्तेच्या आड लपलेली एका अभिमानी माणसाची वेदना जाणवते. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी मैमोनिडीसच्या मताचे परीक्षण केले आणि निवाडा दिला की, मूळ नियम मैमोनिडीस म्हणतात तसा धरला तरी, विद्यार्थ्यांना व गुरूंना निर्वाह मिळाला नाही तर विद्येसाठी कोणी झटू शकणार नाही आणि तोराह विसरली जाईल. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्वानांनी हे मान्य केले. मला कारोंचे म्हणणे पटते. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन त्याच्याही पुढे गेले : मैमोनिडीसच्या नावाने जो आज निर्वाह नाकारतो त्याला ती बुद्धी सैतानाने दिली, इतक्या टोकाला ते आले. पण कारोंच्या निवाड्याचा पाया भीती हा आहे, हे विसरता येत नाही. आपद्धर्म म्हणून दिलेली सवलत पुढे पुढे रीत होऊन बसते. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याची उदाहरणे कमी नाहीत.

लिथुएनियाच्या गावांतून शिकणाऱ्या गरीब यहुदी मुलांची एक पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची जेवणे ठरलेली असत. तिला ते 'दिवस खाणे' म्हणत. मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको; पुण्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्या वाङ्मयात पानोपानी भेटतात. त्या जेवणात ममता असे, तसा अपमानही असे. १८०३ साली रब्बी हाय्यीम यांनी व्होलोझिन येथे मोठी येशिवा, म्हणजे धर्मपाठशाळा, काढली तेव्हा त्यांनी ही पद्धत मोडली. दूरदूरच्या गावी प्रतिनिधी पाठवून निधी जमवायचा आणि त्यातून मुलांना निर्वाहवेतन द्यायचे. मूल कोणाच्या दारी जाणार नाही. १८७७ साली कोव्हनो येथे, रब्बी यिस्राएल सालान्तर यांच्या प्रेरणेने, विवाहित विद्वानांसाठी असेच मंडळ निघाले. त्याला कोल्लेल म्हणतात. तेथे बर्लिनच्या एका धनिकाच्या देणगीवर कुटुंबवत्सल माणसे अध्ययन करीत. ध्येय हे की त्यांतून पुढे गावोगावचे रब्बी तयार व्हावेत.

येथवर पैसा समाजाचा होता. सरकारचा हात पुढे आला की काय होते याची चुणूक व्होलोझिनलाच दिसली. झारच्या सरकारने पैसा दिला नाही, पण नियम मात्र दिले : रशियन भाषा व इतर विषय शिकवा, वेळापत्रक आम्ही सांगू तसे ठेवा. प्रमुख गुरू नफ्ताली बर्लिन यांना ते मान्य होण्याजोगे नव्हते. अंतर्गत कलहाची भर पडली आणि १८९२ साली येशिवेला टाळे लागले. तिकडे फ्रान्समध्ये उलट घडत होते. नेपोलियनच्या १८०१ च्या करारामुळे कॅथलिक धर्मगुरूंना सरकारी वेतन मिळू लागले होते, आणि १८३१ पासून रब्बींचाही त्यात समावेश झाला. १९०५ च्या कायद्याने दोघांचेही वेतन एकाच फटक्यात बंद केले. आल्सेस आणि मोसेल या भागांत मात्र ते आजही चालू आहे. ते प्रदेश १९०५ साली जर्मनीकडे होते, एवढेच त्याचे कारण. सरकारी भाकरीमागे तत्त्वज्ञान असतेच असे नाही!

मग महायुद्ध आले. लिथुएनिया, पोलंड, हंगेरी येथील येशिवा, त्यांचे गुरू, विद्यार्थी, ग्रंथालये, सारे भस्मसात झाले. तोराह विसरली जाईल ही कारोंची भीती १९४५ साली अक्षरशः खरी होऊ पाहत होती. १९४८ साली इस्राएलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी सुमारे ४०० येशिवा विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट दिली, ती या पार्श्वभूमीवर. ते स्वतः धर्म पाळणारे नव्हते. ऑक्टोबर १९५२ मध्ये ते बेने ब्राक गावी 'हाझोन इश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बी कारेलिट्झ यांच्या साध्या घरी गेले. दोन प्रकारच्या यहुद्यांनी एकत्र कसे नांदावे, हा विषय होता. रब्बींनी तालमूदमधील दाखला दिला : अरुंद वाटेवर दोन उंट समोरासमोर आले तर ज्याच्यावर ओझे नाही त्याने ओझेवाल्याला वाट द्यावी. तोराहचे ओझे आमच्यावर आहे, असा रोख. बेन-गुरियन यांनी विचारले की, देश वसवणे, सीमा राखणे हे ओझे नव्हे काय? त्या खोलीत निघालेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही.

१९७७ साली बेगिन सरकारने सवलतीची संख्यामर्यादा उठवली. येशिवांना दरमहा विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणे अनुदान मिळू लागले आणि एकोणीसशे ऐंशीच्या दशकापासून कोल्लेलमधील गरजू कुटुंबप्रमुखांना अर्थसंकल्पातून उत्पन्नसाहाय्यही मिळू लागले. सवलतीची अट अशी होती की, तोराह हाच त्या माणसाचा व्यवसाय असला पाहिजे. ज्याला लष्करात जायचे नाही त्याने दुसरे काम करता कामा नये! मैमोनिडीस ज्याला नामाची विटंबना म्हणाले ते निष्कांचन, निरुद्योगी अध्ययन आता सरकारी नियमाने सक्तीचे झाले. एखाद्या तरुणाला सुतारकाम करून रात्री शिकावेसे वाटले तरी तो कायद्याने अडकला. २००२ च्या कायद्याने थोडी वाट काढण्याचा प्रयत्न झाला. तो कायदाही २०१२ साली न्यायालयाने रद्द ठरवला.

अनुदान डोक्यांच्या मोजणीवर, म्हणून मोजणाराही आला. सरकारी निरीक्षक अचानक येऊन हजेरी तपासू लागले, आणि काही ठिकाणी याद्यांत खोटी नावे आढळली. हे सर्वांनी केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिसऱ्या शतकातील रब्बी शमुएल यांनी राज्याचा कायदा यहुद्यालाही बांधतो असे ठरवले होते, आणि ज्या ग्रंथात हा नियम लिहिला आहे तोच ग्रंथ शिकण्यासाठी खोटी हजेरी लावली जावी, यासारखे दुःख नाही. भांडण सरकारच्या बाजूनेही शुद्ध नव्हते. आघाडी सरकारे टिकवण्यासाठी धार्मिक पक्षांची मते लागत, आणि अनुदानाचा आकडा त्या सौद्यात वर-खाली होई.

यावर दोन विरुद्ध टोकांहून एकच आरोप झाला, ही या इतिहासातील मोठी विलक्षण गोष्ट. एका टोकाला सातमार पंथाचे गुरू योएल टाइटलबाउम (१८८७–१९७९). मसीहा येण्यापूर्वी यहुद्यांनी राज्य स्थापणे हेच त्यांच्या मते पाप. म्हणून त्या राज्याचा पैसा निषिद्ध. त्यांचे अनुयायी आणि जेरुसलेममधील समविचारी मंडळी इस्राएल सरकारकडून शाळांसाठी अनुदान घेत नाहीत. न्यूयॉर्कहून येणाऱ्या देणग्यांवर त्या चालतात. (अमेरिकेच्या सरकारची मदत घेण्यास मात्र त्यांचा तसा विरोध नाही, विटाळ पैशाचा नसून त्या विशिष्ट राज्याचा आहे.) दुसऱ्या टोकाला जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राध्यापक येशायाहू लाइबोविच (१९०३–१९९४). ते धर्मनिष्ठ होते, राज्याचे समर्थकही होते. राज्याच्या पैशावर पोसलेला धर्म म्हणजे सत्तेने ठेवलेली बाई, इतक्या जळजळीत शब्दांत ते बोलत. बेन-गुरियन यांनी आपल्याला सरळ सांगितले होते की, धर्म स्वतंत्र झालेला मला नको, तो राज्याच्या मुठीत हवा, अशी आठवण लाइबोविच सांगत. पैसा देणाऱ्यानेच हेतू बोलून दाखवावा, याहून मोठा पुरावा कोणता?

या वादात मराठी बोलणारे यहुदीही आहेत. मैमोनिडीसने फ्रान्समधील विद्वानांना लिहिलेल्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा ओझरता उल्लेख केला आहे : त्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र ठाऊक नाही. कुलाब्याच्या किनारपट्टीवर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, यांचे वर्णन त्याच्याशी जुळते. त्यांच्याकडे येशिवा नव्हत्या, निर्वाहवेतन नव्हते. घाणा बंद ठेवून आठवड्याची एक दिवसाची मिळकत सोडणे हीच त्यांची तोराह. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले, तेथे मेहनतीची कामे केली, कर भरला, मुलांना लष्करात पाठवले. जबुलूनची भूमिका त्यांच्याकडे आली, पण करारावर त्यांची सही कोणी घेतली नाही.

सरकारी निर्वाहवेतनाचा नैतिक पेच मला येथे दिसतो. गरिबाला राज्याने जेवू घालावे, याबद्दल वाद नाही. योनाथानने मागितले तेवढेच. विद्वानाला समाजाने प्रेमाने पोसावे, हेही योग्य. आम्ही धर्मगुरू दुसऱ्या कशावर जगतो? मिस्सादान देणारी म्हातारी मला ओळखते, आणि तिचे नाणे घेताना मला तिच्या डोळ्यांकडे पाहावे लागते. मी आळस केला तर धर्मग्रामात बोलणे होते, आणि ते व्हावे. कर देणाऱ्याच्या डोळ्यांकडे मात्र कोणालाच पाहावे लागत नाही. तो राजी आहे की संतापलेला, हे खजिन्यातून आलेल्या रकमेवर लिहिलेले नसते. आणि संतापलेल्या जबुलूनकडून घेतलेल्या भाकरीने इस्साखाराच्या विद्येचा मान वाढत नाही, उलट नामाची विटंबना होते. मैमोनिडीसचा शब्द येथे, त्यांना कल्पना नव्हती अशा रीतीने, लागू पडतो.

समर्थकांची बाजू हलकी नाही. राज्य नाट्यगृहांना देते, विद्यापीठांना देते, क्रीडासंघांना देते. ज्या ग्रंथामुळे हे लोक दोन हजार वर्षे टिकले त्याच्या अभ्यासकांनाच नाही का म्हणावे? हा मुद्दा न्यायालयातही आला. सन २००० मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला : विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्याला उत्पन्नसाहाय्य नाकारायचे आणि कोल्लेलमधील विद्यार्थ्याला अर्थसंकल्पातील स्वतंत्र कलमाने द्यायचे, हा भेदभाव आहे. बहुमत स्पष्ट होते. विरोधकांचे म्हणणे असे की विद्यापीठातील मुलगा काही वर्षांनी नोकरीला लागतो, कोल्लेलमधील मनुष्य जन्मभर शिकतो, तेव्हा ही तुलनाच चुकीची. या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्यानेच मैमोनिडीसचा आक्षेप अधिक धारदार होतो.

ऑक्टोबर २०२३ मधील हल्ला आणि त्यानंतरचे युद्ध यांनी या प्रश्नाला रक्ताचा रंग आला. राखीव सैनिक महिनोन्‌महिने आघाडीवर राहिले, तशी घरोघरची सहनशक्ती संपत गेली. मार्च २०२४ च्या अखेरीस न्यायालयाने, ज्यांची सेवा पुढे ढकलण्याला कायद्याचा आधार उरलेला नाही अशा विद्यार्थ्यांपोटी येशिवांना दिले जाणारे पैसे एप्रिलपासून थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. २५ जून २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तेच कायम केले. त्या वेळी सेवेस पात्र अशा येशिवा विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ६३,००० सांगितली जात होती. बेन-गुरियन यांचे ४०० ते हेच.

आदेश निघाल्यानंतर काही आठवड्यांतच लिथुएनियन परंपरेचे वयोवृद्ध रब्बी निधी जमवण्यासाठी अमेरिकेला गेले. व्होलोझिनचे प्रतिनिधी घोडागाडीने गावोगाव फिरत. हे विमानाने गेले. जेरुसलेमच्या जुन्या, सातमार वळणाच्या शाळांत मात्र त्या आठवड्यात काहीच बदलले नाही. सरकारचा पैसा त्यांनी कधी घेतलाच नव्हता.